दुसरा खंड तुझ्याकडे आहे

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. (इथे आधी ‘तुम्हांस’ असं लिहिलं होतं. ज्याच्याशी नऊ वर्षं बोललो नाही त्याला जरा मानाने लिहावं, असं वाटलं. पण ज्याच्या चड्डीची नाडी मी बांधून दिली त्याला अहो-जाहो करायला हात वळेना. तो कागद फाडला.) तुझा गुडघा कसा आहे? दुखतो की नाही ते मला माहीत नाही, पण माझा दुखतो, आणि दोघांनी एकाच मापाच्या मशिनवर पाय मारलेत, तेव्हा दुखत असणार असं धरून चालतो. घरातल्या सर्वांना माझे आशीर्वाद सांग. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे साखर वाढली आहे, डाव्या डोळ्याला सुईची दोन नेढी दिसतात आणि दोरा दोन्हींपैकी एकातही जात नाही, बाकी काही तक्रार नाही.

पत्राला कारण स्पेन. हसू नकोस. बाबांचा तो लष्करी इतिहासाचा ग्रंथ आठवतो ना, स्पेनच्या यादवी युद्धावरचा, दोन खंडांचा, सुभेदार गिऱ्हाइकाने बाबांना प्रेमाने दिलेला? मामाने आपल्या वाटण्या केल्या तेव्हा मोठी कात्री मला, बटणांचे डबे तुला, ट्रायल रूमचा पडदा मला आणि आरसा तुला, असं करत करत तो पुस्तकांपाशी आला, आणि दोन खंड दिसल्यावर त्याला कोण आनंद झाला! पहिला थोरल्याला, दुसरा धाकट्याला. न्याय झाला म्हणून त्याने हात झटकले. (आरशाचं सांगायचं तर आजही माझ्या ट्रायल रूममध्ये पडदा आहे, आरसा नाही. गिऱ्हाईक पँट घालून बाहेर येतं आणि माझ्यासमोर उभं राहतं, मग मी त्याला कसं दिसतंय ते तोंडाने सांगतो. आरसा विकत आणता आला असता. पण आणला नाही. का, ते विचारू नकोस.)

तर तो पहिला खंड मी वाचायला घेतला. वेळ भरपूर आहे. हल्ली लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे फक्त लांबी कमी करायला, नाहीतर चेन बदलायला येतात. चारनंतर कुणी फिरकत नाही. पूर्वी दोन मशिनं चालायची तेव्हा बाबांना ओरडून बोलावं लागायचं, आता एकच चालतं आणि तेही मीच थांबवतो, कारण फार आवाज करतं. मुलगी रविवारी फोन करते. जेवलात का विचारते, मी हो म्हणतो, आणि मग दोघंही पुढचा प्रश्न शोधत बसतो. अशा वेळी चारशे बारा पानांचं युद्ध सोबतीला बरं वाटतं.

बरं वाटतं म्हणालो, पण समजायला महाकठीण. पहिली चाळीस पानं मी तीनदा वाचली. नुसते ब्रिगेडींचे आकडे, गावांची नावं आणि बाण. सेनापतींची नावं तोंडात बसेनात, तेव्हा फोटोवरून मी त्यांची मापं काढली. आता हा छाती बेचाळीस, तो खांदे उतरते, असं लक्षात ठेवतो. एवढं कळलं की छत्तीस सालच्या जुलैत काही सेनापती आपल्याच सरकारवर उलटले, आणि त्या आठवड्यात जो माणूस ज्या गावात होता तो बऱ्याचदा त्या बाजूचा झाला. म्हणजे एक भाऊ घरी आणि दुसरा कामानिमित्त पलीकडच्या गावी असेल, तर झाले दोघे शत्रू. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नसेल. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ दुकानाच्या मधोमध उभ्या असलेल्या, आपल्यामधल्या त्या प्लायवूडकडे पाहत बसलो.

आणखी एक गंमत. माद्रिदच्या विद्यापीठात लढाई झाली तेव्हा सैनिकांनी खिडक्यांत जाड जाड ग्रंथ रचले आणि त्यांच्या आडून गोळ्या झाडल्या. गोळी साडेतीनशेव्या पानाच्या आसपास अडते असा त्यांचा अनुभव म्हणे. आपला पहिला खंड चारशे बाराचा, म्हणजे मी सुरक्षित आहे. तुझा खंड किती पानांचा आहे ते बघून ठेव.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि ती लाजिरवाणी आहे. पुस्तकातले नकाशे पोस्टाच्या तिकिटाएवढे. माझ्या डोळ्यांना काही दिसेना. म्हणून मी कापायच्या टेबलावर स्पेन काढायचं ठरवलं. तिथे मुख्याध्यापक सरांच्या कोटाचं कापड पसरलेलं होतं, तपकिरी, भारी, त्यांच्या निरोपसमारंभासाठीचं. (हे तेच सर, वर्षानुवर्षं छाती चव्वेचाळीसच सांगणारे आणि फीत लावली की श्वास रोखणारे.) स्पेनचा आकार पाहिलास तर जाकिटाच्या पाठीसारखाच आहे, त्यामुळे खडूने तो झकास बसला. डोंगर काढले, नद्या काढल्या. बटणं तुझ्याकडे, म्हणून सरकारी फौज टिचबटणांची केली आणि बंडखोरांची हुकांची. मग सदतीस सालच्या वसंतातली आघाडीची रेघ वरपासून खालपर्यंत ठसठशीत ओढली, आणि पहिल्यांदा मला ते युद्ध दिसलं. इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावं म्हणून मी पलीकडे तुझं कुलूप आहे हे विसरून प्लायवूडवर दोन टकटक केल्या. मग चहा करायला आत गेलो.

परत आलो तेव्हा डोक्यात साखर किती घातली याचा हिशोब चालू होता आणि समोर कापडावर खडूची रेघ होती. धाकट्या, तूच सांग, मी काय केलं असेल? खडूची रेघ दिसली की कात्री चालवायची, हे या हाताला चाळीस वर्षं शिकवलंय. तो डोक्याला विचारत नाही. कात्री फ्रान्सच्या हद्दीवरच्या डोंगरात शिरली, सारागोसाच्या पूर्वेने उतरली, तेरुएलला सुरेख वळसा घालून (कट इतका स्वच्छ आहे की बाबांनी पाठ थोपटली असती) माद्रिदच्या दाराशी आली आणि तिथे एक टिचबटण पात्यात अडकलं. माद्रिदपाशी ते सेनापतीही अडले आणि मीही अडलो. पण तोवर सरांचा कोट दोन देशांत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सर पहिल्या ट्रायलला आले. काय सांगणार? मी टेबलावरची चादर उचलली. ते टेबलावर वाकले. मग त्यांनी आघाडीवर बोट ठेवलं आणि ‘तेरुएल जरा वर गेलंय हो,’ एवढंच म्हणाले. ते इतिहास शिकवायचे हे मी विसरलो होतो. स्टूल ओढून बसले आणि तास-दीड तास आम्ही दोघं त्यांच्या कोटावर लढलो. पुढे काय झालं ते सांगू लागले तेव्हा मी कानांवर हात ठेवले, कारण पुढचं तुझ्या खंडात आहे. जाताना दारात थांबून म्हणाले, कोटाचं बघा, समारंभ अठ्ठावीसला आहे, मला जुना घालायलाही लाज नाही, पण असं कापड पुन्हा मिळायचं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या चिरलेल्या कापडातून कोट निघेल का? माझ्याच्याने निघणार नाही. मी तीन वेळा कागद कापून बसवून पाहिला, दर वेळी एक खांदा कमी पडतो. धाकटा रुमालातूनही कोट काढेल, असं बाबा म्हणायचे तेव्हा मला राग यायचा. आज सगळ्या कागदाच्या कपट्यांत बसून तेच आठवत होतो.

पहिल्या खंडाचा शेवट तुला माहीत नसेल, तो सांगतो. बार्सिलोना शहर सरकारच्या बाजूचं. शत्रू लांब. आणि तिथे सरकारच्याच बाजूची माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली, कशासाठी, तर टेलिफोनच्या इमारतीसाठी. तारा कुणाच्या ताब्यात, कुणाचं बोलणं कोण ऐकतं, यावरून. रस्त्यातल्या फरशा उपटून आडोसे रचले, माणसं मेली. तिथे खंड संपतो. तुझा नंबर माझ्या भिंतीवर नऊ वर्षं लिहिलेला आहे, दोनदा रंग दिला तेव्हा तेवढी जागा सोडून दिला. तुझी वहिनी गेली त्या दिवशी तू आलास, सगळ्यांच्या मागे उभा राहिलास आणि चहाही न घेता निघून गेलास. मी पाहिलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि कुणीतरी मध्ये आलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे कुणी मध्ये आलं नव्हतं.

त्या नवरदेवाच्या कोटाची बाही आखूड कुणी कापली, या जुन्या वादात मला आता पडायचं नाही. भर दुकानात तो आरडाओरडा करत होता, तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवून मी जे बोललो ते बोललो. पुस्तकातही दोन्ही बाजू पहिली गोळी दुसऱ्याने झाडली असंच म्हणतात. एवढं बोलून तो विषय सोडतो.

कळावे, प्रकृतीला जप, गुडघ्याला कोमट तेल लाव.

तुझा
दादा

ता. क. दुसरा खंड पाठवावास ही विनंती. पोस्टाने मात्र नको, जाड पुस्तकाचे कोपरे दुमडतात. स्वतः घेऊन ये. अठ्ठावीसच्या आधी आलास तर बरं, म्हणजे कापडही बघशील.

ता. क. दोन. युद्ध कोण जिंकलं ते मला माहीत आहे. कानांवर हात ठेवले तरी सरांचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. जे जिंकले ते पुढची छत्तीस वर्षं हरलेल्यांवरचा राग विसरले नाहीत, असं म्हणाले. मी वयाची बेरीज करून पाहिली, तेवढी वर्षं आपल्यापैकी कुणाकडेच नाहीत. तेव्हा खंड सापडला नाही तरी चालेल, तू ये.

ता. क. तीन. मापाची जुनी वही काल काढली. त्या बाहीचं माप तुझ्या अक्षरात स्पष्ट साडेचोवीस लिहिलेलं आहे. साडेतेवीस मी कापली. तेव्हाही मला माहीत होतं, आणि तुलाही, आणि तरी तू गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलला नाहीस, संध्याकाळी प्लायवूड मात्र आणलंस. त्याचे स्क्रू सगळे तुझ्या बाजूने आहेत आणि त्या बाजूची किल्ली तुझ्याकडे. मला इकडून काढता येत नाही.