सुम्मा इरु

आई, दुपारची भांडी झाली की तू कोठीच्या खोलीत जायचीस आणि आतून कडी लावायचीस. मी दार वाजवलं की आतून एवढंच यायचं, "गप्प बैस जरा." एकदा फटीतून पाहिलं, तर तू तांदळाच्या पोत्यावर बसली होतीस, हात मांडीवर. काहीच करत नव्हतीस. तासाभराने कडी काढायचीस आणि चहा टाकायचीस.

आता मी तुझ्याहून म्हातारी आहे. हे गेल्यावर तमिळ मुलखातल्या आवडी गावातलं यांच्या नोकरीचं क्वार्टर सुटलं आणि तिकडेच पेरुंगुडीला मुलाकडे आले. तो आणि सून सकाळी ऑफिसला जातात ते अंधार पडल्यावर येतात. चौथीत शाळा सुटली तरी पुढे अडखळत मी वाचायला शिकले. आता पुस्तकंही आहेत, वेळही आहे. समोरच्या मामी (इथे थोरल्या बाईला मामीच म्हणतात) रोज अकराला यायच्या. हातात रसमची वाटी, तोंडात सुनेची गाऱ्हाणी. त्या बसलेल्या असेपर्यंत माझं बोट पुस्तकाच्या पानात अडकलेलं आणि जीव कासावीस. आणि त्या आल्या नाहीत तर पान उलटत नसे. संध्याकाळी सून आली की बोलताना घसा बसल्यासारखा वाटे. माणूस हवं की नको, हे यांच्यामागे मला कधी ठरवताच आलं नाही.

यांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मामींनी दारातूनच विचारलं, काय करतेस? 'नुसती बसलेय' याला तमिळमध्ये 'सुम्मा इरुक्केन' म्हणतात. मी म्हणाले, "सुम्मा इरु." म्हणजे, गप्प बैस. तेही एकेरीत.

त्या वाटी चपलांच्या स्टँडवर ठेवून गेल्या. संध्याकाळी मुलगा हे ऐकून हसत सुटला, म्हणाला, "आई, शब्दाचं शेपूट खाल्लंस. थांब, मी समजावतो त्यांना." मी नको म्हटलं.

पहिले दोन दिवस बरे गेले, एक पुस्तक संपलं. नंतर मात्र नाही. आता लिफ्टमध्ये भेटलो की मामी मजल्यांचे आकडे बघतात. अकरा वाजले की माझं पुस्तक मिटतं आणि कान दाराकडे लागतात. तुझी कडी आतून होती, आई. माझी कुठून काढायची ते मला सापडत नाही.

हा कागद पुस्तकातच राहील, म्हणून लिहून ठेवते. आवडीत तीस वर्षं मी भाजीवालीशी तमिळच बोलले. 'इरुक्केन' मला येत होतं.