बोटाएवढ्या चाकूचे खरे साल

मी, कालिंदी आकाराम लोहार, वय सत्तावीस, राहणार राजारामपुरी नववी गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहिते. सोमवारी मिरजेला माझे पोटाचे ऑपरेशन आहे. भीती वाटते, पण डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी आज सकाळी पेटीतले तीन चाकू काढून त्यांची घडणीची साले सांगून पाहिली आणि वारलेल्या बाबांच्या चाकूदुरुस्तीच्या वहीशी ताडली. तिन्ही बरोबर आली.

१. घरातला माझा हिस्सा आणि शिलाईचे मशीन आईला, म्हणजे माईला, द्यावे.

२. बाबांचे घडीचे चाळीस चाकू धाकटी बहीण सोनूबाई हिला. (आधी एकोणचाळीस लिहिले होते, एक माईच्या भाजीच्या टोपलीत सापडला.) ते राखेने घासू नयेत. पात्याच्या बुडाचा ठसा झिजला की चाकूचे वय सांगता येत नाही.

३. भिंगही सोनूबाईला. क्रम चुकवू नये: आधी ठसा, मग मुठीचे खिळे, शेवटी आतली पितळी पट्टी. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला हे शिकवले. एका चाकूचे पाते दुसऱ्याच्या मुठीत बसवले की बाबा पट्टीवर आतून एक ठिपका ठोकत, पुढे कोणी फसू नये म्हणून.

४. चुलतभाऊ गुंडू याला या चाळिसांबाहेरचा एकच चाकू, बोथट. कारण लिहिणे भाग आहे. गेल्या दिवाळीत बाबांचे स्नेही, गारगोटीचे नृसिंह गुरुजी शिंपल्याच्या मुठीचा, बोटाएवढा चाकू घेऊन त्याचे साल विचारायला आले. गुंडू सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरुजी, चाकूतलं हिला काय कळतंय? कांदा चिरायला सांगा की!" मला राग आला. ठशात देशाचे नाव नाही (विलायती चाकूंवर ते १८९० नंतर येऊ लागले) एवढेच पाहून मी ठणकावून सांगितले, "१८९० च्या आधीचा." तशी चिठ्ठीही लिहून दिली. गुरुजी म्हणाले, "आकारामची पोरगी हाय, चुकायची न्हाय." चाकू मिटताना आत ठिपका दिसला. पाते जुने खरे, पण मूठ तीस-चाळीस वर्षांनंतरची, बाबांनीच जोडलेली. गुंडू समोर हसत उभा होता. मी चिठ्ठी तशीच गुरुजींकडे राहू दिली.

आता गुरुजी तो चाकू माझ्या चिठ्ठीसह पुण्याच्या एका संग्राहकाला देणार आहेत. पुढे कोणी तो उघडेल, ठिपका बघेल आणि बाबांना लबाड म्हणेल. लबाडी माझी आहे. माईला सांगितले तर ती म्हणाली, "साल चुकलं म्हणून चाकू कापायचा थांबतोय व्हय? झोप गप." झोप येत नाही.

५. बाकीची कलमे माझ्या मागे लागू व्हावीत. कलम चारमधली कबुली आजच लागू आहे, मी परत आले तरी आणि न आले तरी. गुरुजींना साक्षीला बोलावले आहे. साक्षीदाराला काही ठेवू नये असे ऐकून आहे, म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. सहीआधी त्यांनी कलम चार माझ्यासमोर वाचावे.

कोल्हापूर, शनिवार, ११ फेब्रुवारी १९७८
सही: कालिंदी आकाराम लोहार

साक्षीदार:
१) बायडाबाई पिराजी सुतार, शेजारीण. (अंगठा)
२) नृसिंह अंबादास हुपरीकर, गारगोटी.
कलम चार वाचले. आकारामचा ठिपका मीही ओळखतो; चाकू घेऊन घरी गेलो त्या दिवशीच दिसला होता. तू आपणहून कधी सांगतेस याची वाट बघत होतो. चाकू पुण्याला गेलेला नाही, चिठ्ठी फाडली आहे. नवी चिठ्ठी कालिंदीने स्वतः गारगोटीला येऊन लिहावी. दुसऱ्या कोणाच्या हातची मी घेणार नाही.