वाणगावला गाडी थांबते

सातपाटी,
ता. ७ सप्टेंबर १९६५

प्रिय जमने,

हे पत्र काशीबाईच्या टोपलीतून, सुक्या बोंबलांच्या खालून येतंय, तेव्हा वास आला तर नाक मुरडू नकोस. वाणगावला जाऊन महिनासुद्धा झाला नाही, इतक्यात तू एवढी नाजूक झाली नसशील. पोस्टात टाकलं असतं तर तुझ्या भावाने आधी फोडलं असतं, आणि रेल्वेच्या चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलं असतं. म्हणून काशीबाईला सांगितलंय, जमनेच्याच हातात द्यायचं, भावजयीच्या नाही. आपण दोघी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, मास्तरांनी आपली ‘हाय’ आणि ‘नाय’ छडीने सोडवली, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात केवढ्या शिव्या दिल्या होत्या! आज त्यांचे उपकार वाटतात. हे असलं काही मला कोणाकडून लिहून घेता आलं नसतं.

आधी बातमी सांगते, म्हणजे पुढचं सगळं तुला नीट कळेल. शुक्रवारी, पौर्णिमेच्या दिवशी, आमचे हे लष्कराच्या पंपांबरोबर निघताहेत. कुठे, ते सांगितलेलं नाही. सकाळच्या पॅसेंजरने सुरतपर्यंत जायचं आणि पुढचं तिथे कळेल, एवढंच. पण शेडच्या पुंजारामशेठने बरोबर धुळीचा चष्मा दिलाय. आसामच्या पावसात कोणी धुळीचा चष्मा देत नाही, एवढं मला कळतं.

इथे सगळी तऱ्हाच बदलली आहे. दिव्यांना काळे कागद लावलेत. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललंय ना, तिकडे आता जागोजागी पहारे बसलेत म्हणतात. होड्यांना लांब जाऊ देत नाहीत. गणपती घरोघर बसलेत, पण आरती अशी हळू म्हणतात की जणू शेजारच्या घरात मयत झालंय. शेडमध्ये मात्र कामाला ऊत आलाय. तुला आठवतं ना ती शेड पहिल्यांदा कशी होती? पालघरच्या रस्त्यावर चार खांब आणि वर पत्रे, आणि आपल्या होड्यांची इंजिनं उघडून पडलेली. मग शेठने कुठून तरी लष्कराचं काम आणलं. त्यांचे जुने पाण्याचे पंप वॅगनमधून यायचे, आपल्या माणसांनी ते उघडून नीट करायचे, आणि नीट झालेल्या पंपांबरोबर एक फिटर पाठवायचा. त्याने तिथे ते बसवायचे, चालवून दाखवायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! तुझे मालक दादूभावजी पहिल्यांदा निघाले तेव्हा तू नवी चोळी शिवलीस आणि मला म्हणालीस, तुझा नवरा अजून होडीचीच इंजिनं खरवडतोय. मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते.

आणि पंप बांधायला शेठने आपल्याला बोलावलं, आपल्या बायकांना. म्हणाला, मासळी खारवणाऱ्या बाईइतकं नीट बांधणं कोणाला जमणार? खरंच होतं ते. घोळ माशाला मीठ भरताना आपण कल्ल्यात, पोटात, कण्याच्या कडेला बोट घालून चोळतो, एक फट सोडत नाही, कारण जिथे मीठ नाही तिथे कीड. तसंच आपण पंपांना ग्रीस चोळायचो. वर मेणकागद, वर गोणपाट. तुझा हात तर सगळ्यांत बसलेला. तपासणीचा साहेब यायचा, कागद सोडवून बघायचा. गंजाचा ठिपका दिसला तर माल परत. तू बांधलेला एकही परत गेला नाही.

जमने, आता जे लिहिते ते शांतपणे वाच. तू ज्याच्यासाठी स्वतःला खातेस, ते मी दादूभावजींच्या हाताखाली गेलेल्या आत्मारामकडून सगळं काढून घेतलं. तो कच्छहून परत आला तेव्हा तुझ्यासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून तुला अर्धंच कळलं, आणि उरलेलं तू तुझ्या मनाने भरलंस. चैत्रात तो माल निघाला तेव्हा शेठला एवढंच कळलं होतं की पंप खाऱ्या जमिनीवर जायचेत. खारी जमीन! आपण कोण? मिठागरांच्या कडेला जन्मलेली माणसं. खारं म्हटलं की आपल्याला एकच ठाऊक, गंज. शेठ म्हणाला दुप्पट ग्रीस लावा, फिटर म्हणाले दुप्पट लावा, दादूभावजींनी स्वतः डबा उचलून दिला. आपण सगळ्या जणींनी दुप्पट चोळलं, तू एकटीने नाही. त्या जमिनीला ओल नाही, नुसतं पिठासारखं पांढरं उडतं, हे आपल्यातल्या कोणाच्या बापानेही पाहिलं नव्हतं.

आत्माराम म्हणाला, गाडीतून उतरल्यावर दादूभावजी हसले होते. म्हणाले, “आपल्याच मिठागरात आल्यावानी वाटतंय रे.” मग गोणपाट सोडलं तसा वारा आला, आणि ती धूळ ग्रीसला अशी बसली की पंपाचं चाक हाताने फिरेना. मागच्या ठाण्यावर छपराच्या आडोशाला रॉकेलने पुसून मगच पुढे न्यायचं, असं करता आलं असतं. पण पुढच्या ठाण्यावरची जवान मुलं सकाळपासून पाण्यावाचून होती, म्हणून घाई झाली. दादूभावजी उघड्यावर बसले आणि फडक्याने एकेक भाग पुसू लागले. आत्माराम रॉकेल आणायला मागे गेला होता. तेवढ्यात तोफा सुरू झाल्या. सगळे आडवे झाले. दादूभावजी उठले नाहीत, चाक हातात होतं, म्हणाले असतील एवढं बसवतो. तेवढंच. त्यांना तहान लागली होती, ते विव्हळले, असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. आत्माराम पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

तुझ्या सासूबाई अजून म्हणतात, दर्याने नेला असता तर समजले असते, पण जिथे पाणीच नाही तिथे कोळ्याचं पोर कसं गेलं? मी त्यांची मासळी उन्हात पसरून देते.

पुन्हा तेच चाललंय, म्हणून मला झोप नाही. मी शेठला जाऊन सांगितलं, ग्रीस पातळ लावू द्या. तो वाईट माणूस नाही गं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण म्हणाला, इथून स्टेशनापर्यंत जाईस्तो समुद्राच्या हवेने गंज धरला तर साहेब माल परत पाठवील आणि तिथली मुलं पंपावाचून बसतील. तेही खरंच. म्हणजे जाड लावलं तरी कोणीतरी मरायचं, आणि पातळ लावलं तरी. काल मी स्वतः बसून चोळलं. माझ्या नवऱ्याबरोबर जाणारे पंप माझ्याच हाताने बांधले, आणि तुझी इतकी आठवण आली की मेणकागद फाटला.

ह्यांना विनवून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. हे हसतात. म्हणतात, “बंदूक नाय चालवायची मला, पंप चालवायचाय.” म्हणतात, मी आधी पुसेन, मग पुढे जाईन. दादूभावजीही काही मूर्ख नव्हते. तहानलेली पोरं समोर दिसली की कोण फडकं घेऊन मागे बसेल? आणि ह्यांच्या मनात आणखी एक आहे, ते बोलत नाहीत पण मला कळतं. चैत्रात ह्यांचीच पाळी होती. ह्यांना ताप होता म्हणून दादूभावजी गेले. तेव्हापासून ह्या माणसाला घरात जेवण गोड लागलेलं नाही. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही तरी अडवा, तर त्या म्हणतात, “निघालेल्या मानसाला मागनं हाक मारू नये. माझा भगवंता जाईल नि येईल.” आई असून!

आता ह्यांचं एक सांगते, तुला हसू येईल. गेल्या वर्षी होडी पाण्यात लोटलेली, जाळी भरलेली, सगळे खलाशी चढलेले, आणि समोरून नवरा गेलेली ती म्हातारी हौसाई रिकामी घागर घेऊन आली. बस, हे उतरले. सगळे चिडले, होडीचा तांडेल शिव्या देत राहिला, पण हे काही परत चढले नाहीत. मी वर्षभर ह्यांना चिडवलं. म्हटलं, इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखणारा माणूस तुम्ही, आणि एका म्हातारीला भ्यालात! हे म्हणाले, “इंजिनाचं मला कळतं. दर्याचं कुनाला कळलंय?”

आणि नारळी पौर्णिमा. ती तू विसरली नसशील, मीही नाही. सगळ्या बायका नारळ घेऊन किनाऱ्यावर निघाल्या आणि तुझ्या जावेने तुला दाराआड उभी केली, होड्या सुटेपर्यंत बाहेर येऊ नको म्हणून. मी घरात घुसले. तुझ्या जावेला काय काय बोलले ते देवाला ठाऊक. तुझ्या कपाळाला माझ्या बोटाने कुंकू लावलं, तुला हिरवं लुगडं नेसवलं आणि सगळ्यांच्या पुढून हाताला धरून पाण्यापर्यंत नेली. म्हटलं, बघू दे दर्याला. दर्याने काहीसुद्धा केलं नाही, सगळ्या होड्या संध्याकाळी भरून आल्या. पण गाव बोलायचं ते बोललं आणि चौथ्या दिवशी तू वाणगावची वाट धरलीस. जाताना मला म्हणालीस, हे कुंकू मी रोज लावणार, कोणी काही म्हणो. काशीबाई सांगते, अजून लावतेस. ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं.

जमने, मी हे सगळं आठ पानं का लिहिलं, ते आता सांगते. शुक्रवारी सकाळची पॅसेंजर वाणगावला थांबते. इथे ह्यांच्या समोर तुला कोणी येऊ देणार नाही, सगळ्या मिळून आड उभ्या राहतील. तिथे आड येणारं कोणी नाही. हे खिडकीशी बसणार नाहीत, दारातच उभे असतील, गाडीत त्यांना आत गुदमरतं. डहाणू सुटेपर्यंत त्यांच्या लेखी आपलाच मुलूख, तोवर आडवं आलेलं ते मोजतात. तू फलाटावर त्यांच्या अगदी समोर ये. काही बोलू नकोस, नुसती रिकामी घागर घेऊन उभी राहा. ते उतरतील, मी त्यांना ओळखते. ते उतरले तर त्यांच्या जागी आत्मारामला जावं लागेल, त्याचीही बायको आहे, हेही मला कळतं, आणि तिथली मुलं आणखी एक दिवस तहानलेली राहतील. मला सगळं कळतं, तरी मागते आहे. तुला अपशकुनी म्हणणाऱ्यांची तोंडं मी फोडत फिरले, आणि आज मीच तुझ्याकडे तेच मागते आहे, ह्यासाठी तू माझं तोंड पुन्हा पाहिलं नाहीस तरी चालेल. एकच दिवस, जमने. हिरवं लुगडं नेसू नकोस. आणि मी लावलेलं ते कुंकू, शुक्रवारी तेवढं पुसून ये.

तुझीच, अजून तू म्हणू दिलंस तर,
हंसा