केशोरीच्या टोल्यावरचे कोड

३ नोव्हेंबर, सोमवार

उद्यापासून जुनं सॉफ्टवेअर बंद! गॅस एजन्सीचं सगळं काम आता नव्यावर. ग्राहकाच्या मोबाईलवर कोड येणार, गाडीवाल्यानं तो आपल्या फोनमध्ये टाकायचा, तेव्हाच सिलिंडर पोचलं असं धरणार. कोड नाही तर सिलिंडर परत गाडीत.

सेठजींनी सकाळीच बजावलं — "मोनाली मॅडम, एक भी दिन काम रुकना नहीं चाहिए." आता धानकापणीचे दिवस. सिलिंडर वेळेवर गेलं नाही तर बाया थेट काउंटरवर येऊन बसतील, आणि ऐकून मला घ्यावं लागेल.

काउंटरवरची हर्षा कॉम्प्युटरवर लगेच शिकली. गाडीवाल्यांना शिकवताना मात्र घसा बसला. केशोरीकडची गाडी नेणारा चैतराम फोनला असं बोट लावतो, जसा तवा तापला का बघतोय. पण माणूस चिवट आहे. शिकला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इथं अर्जुनीत झकास चाललंय. केशोरीच्या पुढच्या टोल्यावर, म्हणजे त्या छोट्या वस्तीवर, घोळ! तिथं नेटवर्कच नाही. चैतराम अर्धी गाडी भरलेलीच परत घेऊन आला.

"कोड येऊनच नाही राहिला, मॅडम. बायाईले झाडावर चढवू का आता?"

हसू आलं, पण क्षणभरच. सेठजींचे फोनवर फोन. मी म्हटलं, काहीही करा चैतरामभाऊ, उद्या गाडी रिकामी आली पाहिजे.

तो डोकं खाजवत म्हणाला, "मंग त्यायच्या नावावर माझाच नंबर टाकू का? केशोरीच्या चौकात नेटवर्क भेटते, तिथं कोड घेतो, अन् टोल्यावर सिलिंडर देऊन येतो."

नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं. मीच तर शिकवलं होतं सगळ्यांना! तरी म्हटलं — टाका. पण मला काही विचारू नका.

७ नोव्हेंबर

गाडी रिकामी आली. सेठजींनी सगळ्यांना समोसे मागवले!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नागपूरहून कंपनीच्या साहेबांचा फोन. एवढं सुरळीत काम दुसऱ्या कुठल्याच एजन्सीत झालं नाही म्हणे. "कसं जमवलं, मॅडम?" मी म्हटलं, टीमवर्क, सर. अंगावर मूठभर मांस चढलं.

चैतराम बाहेर रिकामी सिलिंडरं उतरवत होता. त्याला जाऊन सांगावंसं वाटलं. राहून गेलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब स्वतः आले. फोन नाही, काही नाही. अख्ख्या टोल्याच्या सिलिंडरांचे कोड एकाच नंबरवर — नव्या सॉफ्टवेअरनं बरोबर पकडलं. त्यांचा सरळ हिशेब — हा माणूस लोकांच्या नावावरची सिलिंडरं हॉटेलांना विकतो.

चैतरामला केबिनमध्ये उभं केलं. "कोणी सांगितलं होतं असं करायला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

"मीच केलं, साहेब. बायाईले सिलिंडर पाहिजे होतं."

साहेब म्हणाले, याला काढा, नाहीतर एजन्सीवर कारवाई होईल. सेठजींनी गाडीची चावी मागून घेतली. चैतराम नमस्कार करून बाहेर गेला. मला नमस्कार केला! मी हातातलं पेन टिकटिकवत उभी.

माझं घर माझ्या पगारावर चालतं, हे खरं. त्याचं घर तरी कशावर चालतं?

२२ नोव्हेंबर

सोमवारी सेठजींना सगळं सांगते. नक्की.

२४ नोव्हेंबर

नाही सांगितलं. सेठजी गोंदियाला गेले होते. म्हणजे फोन होता माझ्याकडं. केला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चैतरामच्या जागी आलेला उमेंद्र टोल्यावर जातच नाही. कोड नाही तर मी कायले जाऊ, म्हणतो. आज तिथली रुख्माबाई नातवाच्या मोटरसायकलवर रिकामं सिलिंडर बांधून इथवर आली. सिलिंडर घेतलं, मग काउंटरवर वाकून हळूच विचारते —

"चैतराम चोर हाये म्हणून राहिले. खरं का, बाई?"

"चौकशी चालू आहे," मी म्हटलं. कसली चौकशी! कोण करतंय?

"आमाले त एकही सिलिंडर कमी नाही भेटलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली. जाऊन त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटतं. स्वतःहून माझं पाप अंगावर घेतलं त्यानं. एका शब्दानं बोलला नाही. मी त्याच्या जागी असते तर पहिलं नाव मॅडमचं घेतलं असतं.

४ डिसेंबर, गुरुवार

कंपनीचा नवीन नियम आला! नेटवर्क नसलेल्या वस्तीत गाडीवाल्याचा नंबर टाकायला परवानगी. म्हणजे चैतरामनं जे केलं तेच!

सेठजी म्हणाले, "तो फिर चैतराम को बुला लो, भई." इतकं सोपं! मला काही कबूल करायची गरजच उरली नाही. सुटले! फोन मीच करते म्हटलं. आता चांगली बातमी द्यायला मी सर्वांत पुढं.

५ डिसेंबर, शुक्रवार

चैतराम येत नाही म्हणाला. सौंदडला राईस मिलमध्ये हमालीला लागलाय.

मी म्हटलं, साहेबांसमोर तुम्ही माझं नाव घेतलं नाही, चैतरामभाऊ, ते उपकार मी कधी —

"उपकार कायचे, मॅडम? पाहुण्या माणसासमोर तुमची इज्जत कायले घालवू, म्हटलं. वाटलं, साहेब गेले का तुम्हीच सांगाल सेठजीले. म्हणून अंधार पडेपर्यंत गेटापाशी बसून राहिलो होतो."

त्या दिवशी मी मागच्या दारानं घरी गेले होते.