काळ्या वाळूची कमान

पाराचो, मिचोआकान
गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३

प्रिय सेनायदाताई,

तू बरी असशील. ग्वादालाहारातही आता सकाळी शाल लागत असेल. इथे सगळे ठीक आहेत.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की मी बनवत असलेल्या यंत्राला बाबांनी हातसुद्धा लावला नाही. ते खरं नाही. त्यांनी हात लावला होता. वर म्हणाले होते, "गातंय हे." तुला चुकीचं कळवल्यापासून घास गोड लागत नाही, म्हणून हे पहिल्यांदा. तसं का लिहिलं, ते पुढे सांगते. जरा यंत्राबद्दल बोलू दे.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू विचारतेस, "सगळं ठीक ना?" आणि मी "हो" म्हणून सुटते.

तर यंत्र. टेबलाएवढा लोखंडी सांगाडा, दोन्ही कडांना रूळ, आणि रुळांवर पुढेमागे सरकणारी कमान. चेमामामा तिला 'गॅन्ट्री' म्हणायला शिकलाय आणि फाटकं वेल्डिंगला घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो शब्द ऐकवतो. कमानीवर राउटर बसवलाय, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्याची मोटर. कॉम्प्युटर नेईल तिथे तो जातो आणि लाकूड कोरतो. पहिल्यांदा पाइनच्या तुकड्यातून गिटारची मान कोरून पाहिली, तर अंगभर लाटा. वाऱ्याने वाळूवर उठवाव्यात तशा. मी स्क्रू आवळले, वेग कमी केला, पातं बदललं. लाटा तशाच.

मामा म्हणाला, "भाचे, माझ्या वेल्डिंगकडे बघू नकोस. मी बसवलेलं फाटक चिडलेल्या सासवांनाही हलत नाही."

दोष त्याचा नव्हताच. कमानीचा पाइप मी निवडला होता. भंगाराच्या दुकानात उभी राहून एकेक पाइप बोटाच्या पेराने ठोकला, कान लावला, आणि सगळ्यांत जास्त वेळ घुमला तो उचलला. पातळ, हलका, घंटेसारखा. गिटारी बनवणाऱ्या आपल्या गावात पाळण्यापासून तेच शिकवलंय ना, घुमतं ते चांगलं, बद्द वाजतं ते चुलीत. मी आपली एक गिटारच उभी केली होती, ताई, आणि तिलाच सांगत होते की हलू नकोस. दुसऱ्या कुठल्याही गावच्या मुलीने ही चूक केली नसती.

मग सगळं उतरवलं. कमानीचे पाय मी उगाच हातभर उंच ठेवले होते. आपल्या गिटारची मान असते ती चार बोटांची. पाय आखूड केले, त्यांची बैठक रुंद केली, कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे लावले. आडव्या तुळईला जाड पाइप घेतला, दुकानातला सगळ्यांत मुका. राउटरचे रूळ तिच्यावर एकमेकांपासून लांब बसवले, म्हणजे तो कलणार नाही. आणि तुळईच्या पोटात वाळू भरली.

वाळू मामाने ज्वालामुखीच्या बाजूने आणली, पणजोबांचं मक्याचं शेत जिने गिळलं तीच काळी. ओली भरली तर आतून गंज चढेल, म्हणून आईच्या मोठ्या तव्यावर भाजली. आई कोरुंदांसाठी मक्याचं पीठ मळत होती. म्हणाली, "माझ्या सासूने जन्मभर ही वाळू घरातून झाडून काढली. आता भाजून वाढायची?" पण उलथनं तिनेच हातात घेतलं. स्वयंपाकघरात धुकं आणि धूर एक झाले होते. त्या काळ्या वाळूकडे बघताना मला वाटलं, हिच्याखाली अजून कणसं उभी असतील, पानं एकमेकांवर घासत असतील, आणि तो सगळा आवाज हिने इतकी वर्षं धरून ठेवला असेल. दुपारी जरा डोळा लागला तर स्वप्नात कमान रुळांवरून निघाली होती आणि थेट शेतातून चालली होती, कणसांमधून, एकही पान न हलवता.

आता ते बाबांचं.

बाबांनी हात लावला तेव्हा यंत्र बंद होतं. मी प्लग काढून ठेवला होता. तरी पाइप वाजत होता, टिन टिन टिन, बारीक. त्यांच्या बोटातली अंगठी आपोआप आपटत होती. त्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "गातंय हे." मी "हो" म्हणाले. बंद यंत्र कसं गाईल, हे मी विचारलं नाही, आणि तुला लिहिलं की त्यांनी हात लावला नाही. हाताचं लिहिलं असतं, तर अंगठीचंही लिहावं लागलं असतं.

त्यानंतर दिसायला लागलं. मक्याच्या आतोलेचा पेला आता ते सगळे उठून गेल्यावर तोंडाला लावतात. सीडरच्या दोन माना अर्धवट कोरून चुलीत घातल्या, म्हणाले गाठी होत्या. मी तुकडे पाहिले. गाठी नव्हत्या.

तुझ्या गिटारचं गाठोडं अजून आढ्याला टांगलेलं आहे. तू गेलीस त्या वर्षीची वरची फळी, पाठ, वाकवलेल्या कडा, सगळं आईच्या जुन्या शालीत बांधलेलं. आपल्याकडे आधी मान, मग अंग. मान नाही म्हणून बाकीचं थांबलंय. एवढी वर्षं मला वाटायचं, ते रागाने करत नाहीत. पण मानेसाठी आजोबांनी राखलेली सीडरची फळी एकच उरली आहे, आणि त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटते.

रविवारी ते पुन्हा आले. मी केसभर हललं तरी दाखवणारा डायल गेज लावून कमान ढकलून बघत होते. पूर्वी काटा सरकायचा, आता जागचा हलत नाही. त्यांनी तुळईवर हात ठेवला. अंगठी आपटत होती, पण टिन टिन आवाज नाही. बद्द, जमिनीवर बोट आपटावं तसा. या वेळी त्यांनी हात काढला नाही.

"ही बरी आहे," ते म्हणाले. "चहाडी करत नाही."

मग म्हणाले, आजोबांची फळी खाली काढ.

मी म्हणाले, एकच फळी आहे बाबा, लाटा उठल्या तर? ते म्हणाले, उठल्या तर उठल्या, चुलीला मी वाईट सवय लावलीच आहे. यंत्र मान ढोबळ कोरून देईल, पण टाचेपासचा, मान अंगाला मिळते तिथला शेवटचा हात चाकूनेच मारावा लागतो. तो माझ्याने होणार नाही हे मी सांगून टाकलं. मला सांगाडे जमतात, चाकू नाही. तुझा चाकू खिडकीशी त्याच खिळ्याला आहे. बाबांनी तो काढला, मूठ सदऱ्याला पुसली आणि परत लावून ठेवला.

बावीसला सांता सेसिलियाचा, वाद्यवाल्यांच्या संतेचा सण. त्या दिवशी गावात कुणी हत्याराला हात लावत नाही. त्यानंतर मी फळी यंत्राला बांधणार आहे. तू येशील की नाही यावर ते थांबवणार नाही; थांबले तर मला पुन्हा धीर होणार नाही.

पत्र लिहिते म्हणून बाबांना सांगितलं. म्हणाले, "तिला बोलावू नकोस. नुसता दिवस कळव."

म्हणून नुसता दिवस कळवते.

तुझी,
युनुएन

गुरुवार, २३ नोव्हेंबर. सकाळी, धुकं उठल्यावर.