इस्त्री केलेली कार्डं

प्रिय मावशी,

फोनवर तू "असू दे ग" म्हणतेस आणि पुढचं बोलणंच खुंटतं, म्हणून लिहायला बसले. हॉस्टेलच्या खोलीत खुर्चीवर न धुतलेले कपडे आहेत आणि पलंगावर तुझ्या दवाखान्यातली कार्डांची पत्र्याची पेटी. चार दिवस वर्गात गेलेली नाही. आजारी नाही, नुसती दमले आहे. सोमवारी प्रोजेक्टचा व्हायवा आहे, त्यावर डिग्री अडली आहे. सगळ्या वर्गात माझं प्रोजेक्ट वरचढ, कारण ते खरोखर वापरात आहे. बाकीच्यांची कागदावरच.

सुट्टीत तुझ्याकडे राहून मी तुझ्या खिडकीचं काम कॉम्प्युटरवर आणलं, तेव्हा तुझ्या निवृत्तीला महिना उरला होता. एकतीस वर्षं तू त्या खिडकीत पेशंटची कार्डं काढलीस. दुसऱ्या वर्षाला आमच्या बाई सांगायच्या, सिस्टीम बांधण्याआधी काम करणाऱ्या माणसाशेजारी दिवसभर बसा आणि त्याचे हात बघा. मी ते वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, त्याचे मार्कही घेतले. तुला मात्र चौदा प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला. तूही चष्मा लावून तो शाळकरी मुलीसारखा भरलास.

मग स्कॅनर दुमडलेल्या कोपऱ्यांपाशी अडायला लागला. दर सात-आठ कार्डांमागे एकाचा वरचा कोपरा मोडलेला. मला वाटलं, हाताळून झालं असेल. तुझीच इस्त्री घेतली, वर तुझा जुना रुमाल टाकला आणि दोन दुपारी बसून पेटीतली सगळीच्या सगळी सातशे कार्डं सपाट केली. तू दारात येऊन विचारलंस, मशीनला कोपरा कळत नाही का ग? आणि मी, अतिशहाणी, म्हटलं की मशीनला कोपऱ्यांची अ‍ॅलर्जी आहे. तू चहा ठेवायला निघून गेलीस. निरोपाच्या दिवशीही हार काढून लवकर घरी आलीस. मला वाटलं, काम सुटल्याचं वाईट वाटतंय.

गेल्या आठवड्यात कुलपं दुरुस्त करणाऱ्या आजोबांना भरती केलं, ते तुला कळलंच असेल. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी ते रोज घेत होते. खिशात माझ्या सिस्टीमने छापलेली औषधांची चिठ्ठी होती, ठळक अक्षरांत, एक चूक नाही. मी त्यांना बघायला येऊन गेले, पण तुझ्या घराकडे पाय वळला नाही. कोपऱ्याचा अर्थ मला दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितला. ह्या माणसाला वाचता येत नाही. ते चारचौघांत विचारायचं नाही, सहज बोलल्यासारखी चिठ्ठी वाचून दाखवायची. कार्ड कुणाच्याही नजरेस पडतं, म्हणून तू ते लिहिलं नाहीस. फॉर्ममध्येही नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. आजोबा आता बसतात, थोडं खातात. मला ओळखून हसले, आणि मला तिथं उभं राहवेना.

गाईड सर म्हणतात, व्हायवा देऊन टाक, एक कॉलम नंतर वाढव. कॉलम पाच मिनिटांत वाढेल, पण त्यात भरू काय? सिस्टरना जेमतेम वीसजण माहीत. खिडकीतल्या नव्या मुलीने परवा भर रांगेत विचारलं, वाचता येतं का. दोघीजणी चिठ्ठी न घेताच निघून गेल्या. डॉक्टरीणबाईंना विचारून मी पेटी इथं आणली, एकेक कार्ड खिडकीशी धरून घडीची रेघ शोधली. काही दिसत नाही. इस्त्री मी फार मन लावून केली होती.

तेव्हा सोमवारी मी व्हायवाला जाणार नाही. सरांना तसं लिहून दिलंय. सहा महिने मागे पडेन, ठरलेली नोकरीही बहुतेक जाईल. तुझ्या बहिणीला अजून सांगितलेलं नाही, तूही इतक्यात सांगू नकोस. सोमवारी मी पेटी घेऊन तुझ्याकडे येतेय. पत्र आधी पाठवलं, कारण दारात उभी राहून हे माझ्याच्याने बोलवलं नसतं. रागाव हवं तर, मला चालेल. पण एकेक कार्ड हातात घे, आणि ज्याचा आठवेल त्याचा कोपरा पुन्हा मोड. ह्या वेळी मी फॉर्म आणणार नाही. तुझ्या शेजारी बसेन आणि तुझे हात बघेन.

तुझीच,
टकळी