उरलेल्या रंगांचं दार

प्रिय चिमण्या,

एवढा मोठा चित्रकार झालास, पेपरात फोटो येतात, आणि ताई अजून चिमण्याच म्हणते म्हणून नाक मुरडशील. मुरड बापडा. ज्याचं नाक मी पुसलं त्याला मी 'सर' म्हणणार नाही. घरी ये म्हणून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'बघतो ताई, जमवतो' म्हणालास. तुझं 'बघतो' मला पाठ आहे. लहानपणी कचरा टाकून ये म्हटलं की हेच म्हणायचास आणि बादली संध्याकाळपर्यंत तिथेच असायची. म्हणून शेवटी लिहायला बसले. पत्र मधेच कापता येत नाही.

आधी बाबांचं सांगते. उजवा हात गेला तो गेलाच. बोलतात ते निम्मं मला कळतं, निम्मं मी कळल्यासारखं करते. त्यांची खाट आता बाहेरच्या खोलीत घेतली आहे. तिथून त्यांना खिडकी दिसते, माझं शिवणाचं टेबल दिसतं आणि समोर स्वयंपाकघराचं दार दिसतं. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, पण हल्ली माझ्याशी बोलताना चष्मा काढून हातात धरतात, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. बाबांसमोर रडता येत नाही. मशीन जोरात चालवते आणि त्या आवाजात रडून घेते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाईंकडे काम फार.

परवा तुझी मुलाखत आली होती. शेजारच्या मास्तरांनी पेपर आणून दिला, मीच हौसेनं वाचून दाखवायला बसले आणि त्या एका वाक्याला अडखळले. 'माझा राखाडी रंग कुणाकडून आलेला नाही. मी उसनं काही घेतलं नाही, घरूनही नाही.' ते गाळून पुढे जाणार होते, पण बाबांनी डाव्या हाताचं बोट पेपरावर आपटलं. परत वाचायला लावलं. वाचलं. ओठांची एकच बाजू हलते आता त्यांच्या, तेवढ्या बाजूनं ते हसले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. अरे, निदान 'घरूनही नाही' एवढं तरी गिळायचं होतंस.

तुला ते पडदे आठवतात का रे? फोटो स्टुडिओवाले सांगायचे आणि बाबा रंगवायचे. मागे बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी ताडाचं झाड, डावीकडे कुठल्याशा राजवाड्याचा जिना, उजवीकडे भलत्याच देशातले खांब, आणि मधल्या तळ्यात हंस. तो हंस साबणाच्या वेष्टणावरून घेतलेला. तू विचारायचास, 'बाबा, बर्फात ताड कसा उगवला?' आणि ते म्हणायचे, 'ज्याला फोटो काढायचाय त्याला दोन्ही हवंय, मग मी कोण नको म्हणणारा?' कॅलेंडर, गालिचे, आगपेट्या, कुणाच्या खिडकीची जाळी, जे आवडेल ते ते घरी आणायचे. माणसं त्या पडद्यांपुढे नवे कपडे घालून ताठ उभी राहायची. जिथे कधी जाणार नाहीत तिथे सगळीकडे एकदम जाऊन आल्यासारखी खूश व्हायची. आणि दिवस मावळला की बाबा रंग कालवायच्या पाटीवरचा उरलासुरला रंग खरवडायचे. फेकायचा नाही हा त्यांचा नेम. सगळे रंग एकत्र मळायचे आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक हात मारायचा. ते मळायचं काम तुझं. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून, सुरीनं घोटत बसायचास. मलाही हात लावायचा असायचा, पण मला म्हणायचे, 'तू कापड बघ.' मी कापड बघितलं.

मग तू कॉलेजात गेलास आणि एक दिवस तुमच्या त्या प्राध्यापकांना घरी घेऊन आलास. बाबांनी किती उत्साहानं नवा पडदा उलगडून दाखवला होता! प्राध्यापक म्हणाले, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' आणि तू हसलास. ते बोलले याचं काही नाही, परका माणूस. ते गेल्यावर बाबांनी तुला विचारलं, का हसलास, तर तू त्यांनाच उलटा प्रश्न केलास, 'यात तुमचं स्वतःचं काय आहे ते दाखवा.' बाबांनी पडदा गुंडाळून ठेवला. तू बॅग भरलीस आणि निघून गेलास. त्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, 'खरंच गं, काय आहे माझं?' मी शिंपीण, मला काय सांगता येणार? चिंध्यांवरच आपलं घर चाललंय एवढं मला ठाऊक होतं, तेच मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पडदे त्यांनी पुढेही रंगवले, पण कसे, तर सांगितलंय म्हणून. नंतर स्टुडिओवाल्यांनाही पडदे नकोसे झाले.

आणखी एक तुला माहीत नाही. गेल्या वर्षी, हात जायच्या आधी, आम्ही दोघं तुझं प्रदर्शन बघून आलो. तू त्या दिवशी नव्हतास, बाबांनी मुद्दाम तसाच दिवस धरला होता. इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. तुझ्या त्या सगळ्यात मोठ्या राखाडी चित्रापुढे उभे राहिले आणि इतके जवळ गेले की राखणदार खाकरला. मग मागे येऊन बाकावर बसले ते उठेनात. दिवे बंद व्हायला लागले तेव्हा म्हणाले, 'निळा जरा जास्त पडलाय. लहानपणापासून घाई त्याला.' रस्त्यात मी बोलायला गेले तर मला थांबवलं. 'त्याला वाटतंय ना त्याला सापडला, मग सापडू दे. तू बोलायचं नाहीस.' मी हो म्हटलं आणि आजवर पाळलं. वर्षानुवर्षांत इतकं खूश मी त्यांना बघितलं नव्हतं, म्हणून पाळलं.

आता मोडते. चिमण्या, तो रंग आपल्या दाराचा आहे. कुणाचा नाही म्हणतोस तो रंग बर्फाचा, ताडाचा, खांबांचा, त्या साबणावरच्या हंसाचा, सगळ्यांचा मिळून झालेला आहे, आणि तो बाबांनी तुझ्या हातात दिला. हे तुला खाली बघायला लावायला लिहीत नाही. रोज संध्याकाळी बाबा डावा हात उचलून दार दाखवतात. आधी वाटलं पाणी हवंय, मग वाटलं दार लावायचंय. शेवटी कळलं, आजचा हात राहिला म्हणतात. मी त्यांच्या जुन्या डब्यांतले रंग काढून मिसळून बघितले. कधी काळं होतं, कधी चिखल होतो. ते मान हलवतात आणि तोंड भिंतीकडे करतात. मी इथे राहिले, त्यांचं सगळं केलं, आणि तो रंग मात्र मला येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं रे. पांढरा आधी घालायचा की शेवटी, एवढंही मला माहीत नाही. तुला माहीत आहे. त्यांना दिसतंय तोवर ये. माफी मागू नकोस, काही समजावू नकोस, नुसता त्या दाराला एक हात मार. डबे मी खाटेजवळ काढून ठेवलेत, सुरीही घासून ठेवली आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई